संबंधित अधिकारी आणि चिंताग्रस्त अधिकारी

संयुक्त अरब अमिरातीत कचेरी म्हणता येईल अशा कोणत्याही ठिकाणी, मग ती देरा भागातील मालवाहतुकीची पेढी असो, शारजाच्या औद्योगिक वसाहतीतील गुदाम असो की अबू धाबीतील एखाद्या बांधकाम कंपनीचे हिशेबखाते असो, इंग्रजी पत्रव्यवहारात एक शब्दप्रयोग हटकून भेटतो, आणि तो भेटला की पत्राचा लेखक आपल्या बाजूचा आहे हे खालची सही न वाचताही ओळखता येते. तो प्रयोग म्हणजे ‘कन्सर्न्ड ऑफिसर’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘संबंधित अधिकारी’ हे शब्द असतात आणि त्यांचा क्रम तसाच ठेवून तो इंग्रजी शब्द मांडतो. परंतु विलायतेत वाढलेल्या वाचकाला त्या दोन शब्दांतून त्या खात्यात कोणी अधिकारी काळजीने व्याकूळ होऊन बसला आहे, असा बोध होतो. ज्या खिडक्यांपुढे आपण ताटकळत उभे राहतो त्यांच्या पलीकडचा अधिकारी खरोखरच आपल्या काळजीने व्याकूळ असता तर फारच बरे झाले असते, हा भाग वेगळा. ‘ऑफिसर कन्सर्न्ड’ असे म्हटले, किंवा ‘द ऑफिसर हू इज कन्सर्न्ड विथ धिस मॅटर’ असे सविस्तर लिहिले, म्हणजे मात्र कोणालाही शंका उरत नाही.

हा भेद एका शब्दापुरता असता तर त्यावर वर्तमानपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1967 साली इंग्रजी विशेषणांवर लिहिलेल्या एका प्रबंधात असे दाखवून दिले, की इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी येऊन बसले म्हणजे तो गुण त्या वस्तूचा कायमचा स्वभाव म्हणून मांडला जातो, आणि तेच विशेषण नामाच्या मागे गेले म्हणजे तो गुण त्या प्रसंगापुरता राहतो. धातूपासून साधलेल्या विशेषणांच्या बाबतीत या नियमाचे महत्त्व फार मोठे आहे; कारण ‘ब्रेकिंग’, ‘ब्रोकन’, ‘कन्सर्न्ड’ यांसारखे शब्द मुळात क्रियेचे असतात, क्रिया ही कोणीतरी केव्हातरी केलेली असते, आणि ती नामाच्या पुढ्यात विशेषण होऊन बसली म्हणजे ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ हे दोन्ही प्रश्न आपसूक पुसले जातात. संबंधी सर्वनामाने सुरू होणारे विशेषणवाक्य, म्हणजे ‘हू’, ‘विच’ वा ‘दॅट’ने जोडलेले वाक्य, हे प्रश्न पुसू देत नाही, त्यात पूर्ण क्रियापद असते, आणि पूर्ण क्रियापद म्हटले की काळ आला, वचन आले, कर्ता आला.

आता आपल्या मराठीची ठेवण पाहावी. ‘मी काल विमानतळावर वाचलेले पुस्तक’ या एका पदसमूहात कर्ता आहे, काळाचा निर्देश आहे, स्थळ आहे, आणि हे सर्व नामाच्या आधी सुखाने नांदते आहे. इंग्रजी कृदन्ताला, म्हणजे धातूपासून साधलेल्या विशेषणाला, हा भार पेलत नाही. आपल्या कर्त्याला बरोबर घेऊन नामापुढे उभे राहणे त्याला ठाऊकच नाही, म्हणून इंग्रजीत पुस्तकानंतर नवे वाक्यच सुरू करावे लागते. मौजेची गोष्ट अशी, की दुबईच्या कोणत्याही कचेरीत मराठी माणसाच्या शेजारच्या मेजावर जो मल्याळी गृहस्थ हमखास असतो, त्याच्या भाषेत ‘ञान् वायिच्च पुस्तकम्’ म्हणजे शब्दशः ‘मी वाचलेले पुस्तक’ अशीच रचना आहे. तमिळ आणि कन्नडमध्येही ती तशीच आहे. हिंदीभाषक बंधू मात्र ‘जो किताब मैंने पढ़ी’ या वळणाकडे अधिक झुकतो. मराठी ही आर्यकुळातील असूनही शतकानुशतके कन्नडच्या सान्निध्यात वाढलेली भाषा असल्यामुळे तिच्याकडे दोन्ही वाटा आहेत, आणि रोजच्या बोलण्यात ती बहुधा कृदन्ताचीच वाट धरते. म्हणूनच मराठी आणि मल्याळी कारकुनांची इंग्रजी एकाच जागी अडखळते, आणि दोघेही एकमेकांची पत्रे तपासून ती बिनचूक असल्याचा निर्वाळा देतात.

अडखळण्याची खरी जागा याहून थोडी खोल आहे. संस्कृतात ‘कृत’ आणि ‘कृतवान्’ अशी दोन निराळी धातुसाधिते होती: पहिले केल्या गेलेल्या वस्तूचे, दुसरे करून चुकलेल्या माणसाचे. मराठीने ही दोन्ही कामे एकट्या ‘केलेला’वर सोपविली, ‘केलेले काम’ असेही आपण म्हणतो आणि ‘काम केलेला माणूस’ असेही म्हणतो. इंग्रजीच्या भूतकालवाचक धातुसाधिताकडे सकर्मक धातूंच्या बाबतीत ‘कृत’ तेवढे आहे, ‘कृतवान्’ नाही. ‘लर्नेड’, ‘वेल-रेड’ असे शिकल्या-वाचल्याचे काही चुकार अपवाद सोडले, तर काम करून चुकलेल्या माणसाला इंग्रजीत विशेषणवाक्यावाचून गती नाही. याचा परिणाम एका अगदी व्यवहाराच्या ठिकाणी दिसतो. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे सलग एक वर्ष नोकरी केलेल्या परदेशी कर्मचाऱ्याला नोकरीअखेरीचे उपदान मिळण्याचा हक्क आहे: पहिल्या पाच वर्षांकरिता दर वर्षी 21 दिवसांचे मूळ वेतन, आणि त्यापुढील प्रत्येक वर्षाकरिता 30 दिवसांचे. कंपन्यांच्या अंतर्गत परिपत्रकांत हा नियम पुष्कळदा ‘एम्प्लॉईज कम्प्लीटिंग वन यिअर’ अशा शब्दांत उतरतो. हे ‘कम्प्लीटिंग’ म्हणजे नेमके काय? वर्ष पुरे करीत असलेले, पुरे करणार असलेले, की पुरे करून चुकलेले? मराठीत ‘पूर्ण करणारा’ आणि ‘पूर्ण केलेला’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांत कोणी गफलत करणार नाही. इंग्रजीत तो भेद ‘हू हॅव कम्प्लीटेड’ असे वाक्य लिहूनच राखावा लागतो. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘हॅविंग’ या शब्दाचा जो सुळसुळाट झाला आहे, ‘हॅविंग एक्स्पीरियन्स’, ‘हॅविंग कम्प्लीटेड’, ‘हॅविंग व्हॅलिड व्हिसा’, त्याच्या मुळाशी माझ्या मते ‘असलेला’ आणि ‘केलेला’ यांना इंग्रजीत घर मिळवून देण्याची ही धडपडच आहे.

शाळेने ही धडपड थांबवावयाची, ते दूरच राहिले. शाळा तिला गुण देते. अमिरातीत आज 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात, त्यांच्यासाठी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, आणि त्यांत शिकवणाऱ्या व शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांचे इंग्रजी व्याकरण रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड पुस्तकावर पोसले गेले आहे. (यांतील रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातील फ्रेंच पलटणीची गाजलेली कादंबरीही त्यांचीच, आखाती प्रदेशात त्यांचे व्याकरण इतके टिकून राहावे यात थोडा काव्यगत न्याय आहे.) त्या परंपरेत वाक्यसंयोजनाचा एक ठराविक प्रश्न असतो: दोन सुटी वाक्ये द्यावयाची आणि कृदन्त योजून त्यांचे एक वाक्य करावयास सांगावयाचे. या प्रश्नाला माझा विरोध नाही. परंतु त्याच्या वर्षानुवर्षांच्या सरावाने मुलांच्या मनावर एक भलताच संस्कार होतो, तो असा की ‘हू’ आणि ‘विच’ हे शब्द बाळबोध होत, प्रौढ लेखक त्यांना गाळून टाकतो, आणि जितके गाळावे तितकी भाषा भारदस्त होते. मग नववीतला मुलगा ‘काल काच फोडणारा मुलगा’ या मनातल्या मराठीवरून ‘द बॉय ब्रेकिंग द ग्लास यस्टरडे’ असे बेधडक लिहितो. त्याला शिकविलेले असते, की ‘हू’ गाळता येतो; ‘हू’बरोबर ‘ब्रोक’मधला भूतकाळही वाहून जातो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तोच मुलगा पुढच्या तासाला अरबी शिकतो, कारण अमिरातीतील खाजगी शाळांत अरबेतर मुलांनाही नववीपर्यंत अरबी आवश्यक आहे. तेथे त्याला आणखी तिसरीच व्यवस्था भेटते. अरबीत विशेषणवाक्य नामाच्या मागून येते, संबंधी सर्वनाम नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, नाम निश्चित नसेल तर ते सर्वनाम मुळीच येत नाही, आणि वाक्याच्या पोटात मूळ नामाकडे बोट दाखविणारे आणखी एक सर्वनाम ठेवावे लागते: ‘पुस्तक, जे मी ते वाचले’. म्हणून अरब विद्यार्थ्याच्या इंग्रजीत ‘द बुक विच आय रेड इट’ हा दोष पुन्हा पुन्हा आढळतो. तथापि आपल्या दृष्टीने अरबीचे खरे कौतुक तिच्या धातुसाधितांत आहे. कर्तृवाचक आणि कर्मवाचक अशा त्यांच्या दोन ओळी आहेत, आणि त्यांतील किती तरी शब्द फारशीच्या द्वारे आपल्या दफ्तरात येऊन आज घरचे झाले आहेत: हजर, जाहीर, वारस एका ओळीतले; मजकूर, मंजूर, मुकादम दुसऱ्या ओळीतले. आखातात नोकरीस गेलेला मराठी माणूस त्यांत रोजच्या वापरातील ‘मुदीर’ आणि ‘मंदूब’ यांची भर घालतो, आणि त्यांतला पहिला व्यवस्था पाहणारा व दुसरा सरकारी कामांवर नेमलेला, अशी ही त्याच दोन ओळींतली माणसे आहेत हे त्याच्या गावीही नसते.

दफ्तराला कृदन्त प्रिय असते ते उगाच नाही. ‘मंजूर’ असा शेरा मारला की काम झाले. कोणी मंजूर केले, केव्हा, कोणत्या कागदाच्या आधाराने, हे त्या शब्दाला सांगावे लागत नाही. म्हणूनच जुन्या दफ्तरात शेऱ्यासोबत मिती आणि मोर्तब यांवर एवढा कटाक्ष असे. शब्दाने जे गिळले ते मितीने आणि शिक्क्याने ओकून दाखवावे, अशी ती योजना होती. मराठी दस्तऐवजांनी तर यापुढे मजल मारली. खरेदीखतात आजही पक्षकारांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणतात. येथे कृदन्त विशेषणही राहिले नाही, ते माणसाचे नावच झाले. परंतु त्या नावाखाली खतात पुढे संपूर्ण क्रियापदांची वाक्ये असतात, मिळकत कोणाची, कशी आली, मोबदला कधी पोहोचला हे तपशिलाने लिहिलेले असते, आणि खताची खरी मदार या वाक्यांवर असते.

अमिरातीच्या व्यवहारात असे एक इंग्रजी कृदन्त आहे की ज्याच्या उच्चाराने कामगारांच्या वस्तीत धस्स होते: ‘अ‍ॅब्स्कॉण्डिंग’. अमका ‘अ‍ॅब्स्कॉण्डिंग’ आहे, त्याच्यावर ‘अ‍ॅब्स्कॉण्डिंग’ टाकले, अशी भाषा सोनापूर आणि अल कूझच्या कामगार-निवासांत मराठी, तेलुगू, उर्दू, सर्व तोंडी ऐकू येते. शब्दाचा अर्थ पळून गेलेला, फरार. आणि विशेषणाच्या जागी बसल्यामुळे पलायन हा त्या माणसाचा स्वभावधर्म असल्यासारखे वाटू लागते. 2022 च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या नव्या श्रमकायद्याची आणि त्याच्या नियमांची भाषा वाचली, तर त्यांत विचारात घेतलेली घटना निराळी आणि मोजता येण्यासारखी आहे: जो कामगार सलग सात दिवसांहून अधिक काळ कामावर आला नाही आणि ज्याचा ठावठिकाणा मालकास माहीत नाही, त्याच्याविषयी मालकाने कळवावयाचे आहे. या वाक्यातील प्रत्येक अंगाला पुरावा मागता येतो. सात दिवस खरोखर झाले काय? ते सलग होते काय? माणूस इस्पितळात असल्याचे मुकादमास कळविले होते काय? ‘अ‍ॅब्स्कॉण्डिंग’ या एका शब्दापुढे असा एकही प्रश्न उभा राहत नाही. तो शब्द आरोपही करतो आणि निकालही देतो. 2016 पासून नोकरीचे प्रस्तावपत्र अरबी व इंग्रजीबरोबर कामगारास कळेल अशा तिसऱ्या भाषेत देण्याची सोय झाली, एकूण अकरा भाषा त्या यादीत आहेत, हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ, बंगाली आहेत आणि मराठी नाही. 2019 साली अबू धाबीच्या न्यायखात्याने कामगारांच्या दाव्यांसाठी हिंदीलाही स्थान दिले. या सोयी स्तुत्य आहेत यात संशय नाही. परंतु भाषांतर करणाऱ्यापुढे मूळ इंग्रजीत नुसते कृदन्त टाकलेले असेल, तर न सांगितलेला कर्ता आणि न सांगितलेला काळ त्याने कोठून आणावा?

अशा सैलपणाची किंमत किती होऊ शकते याचे उदाहरण इंग्रजी हीच ज्यांची घरची भाषा त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात सापडते. अमेरिकेच्या एका फौजदारी कायद्यात पूर्वीच्या तीन प्रकारच्या लैंगिक गुन्ह्यांची नावे ओळीने दिली आहेत, आणि अखेरीस ‘इन्व्हॉल्व्हिंग अ मायनर’, म्हणजे अल्पवयीनाशी संबंध असलेला, असा कृदन्तसमूह जोडला आहे. तो समूह तिन्ही गुन्ह्यांना लागू की फक्त शेवटच्याला, यावर ‘लॉकहार्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा खटला 2016 साली निकालात निघाला. त्या आरोपीचा पूर्वीचा गुन्हा प्रौढ स्त्रीविषयीचा होता. सहा न्यायमूर्तींनी समूह शेवटच्या नामाशीच बांधला, आणि त्यामुळे किमान दहा वर्षांची शिक्षा त्याला लागू झाली. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी दोघांच्या भिन्नमतपत्रिकेत साध्या बोलण्यातली उदाहरणे देऊन असा प्रश्न केला, की नट, दिग्दर्शक किंवा निर्माता अशी नावे घेऊन शेवटी ‘अमक्या चित्रपटात गुंतलेला’ म्हटले तर ते तिघांविषयीच नव्हे काय? विशेषणवाक्य लिहिले असते तर हा घोळ आपोआप टळला असता असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणतो, की ‘विच’ लिहिल्यावर मसुदा करणाऱ्याला क्रियापद एकवचनी की अनेकवचनी याचा निर्णय करावा लागला असता, आणि त्या निर्णयाच्या क्षणी आपल्याला तिन्ही गुन्हे अभिप्रेत आहेत की एक, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहिला नसता.

कृदन्तांचा लाघवगुण मी नाकारीत नाही. ‘रनिंग वॉटर’ला ‘वाहत आहे असे पाणी’ म्हणणे हा शुद्ध वेडेपणा होईल, आणि ज्या गद्यात प्रत्येक नामामागे ‘विच’चे शेपूट लोंबते ते गद्य वाचवत नाही. स्वभाव सांगावयाचा तेथे विशेषण शोभते. ज्यावर कोणाचे वेतन, कोणाचा व्हिसा किंवा कोणाची अब्रू अवलंबून आहे अशी घटना सांगावयाची असेल, तेथे इंग्रजीत वाक्यच लिहावे, आणि ते लांबले तर लांबू द्यावे.

मराठीत मात्र हाच आग्रह धरणे म्हणजे रोग्याचे औषध निरोग्याला पाजणे होय, आणि आखातातील आपल्या मुलांच्या तोंडी ते औषध केव्हाच गेले आहे. ‘तो सर जो आम्हाला मॅथ्स शिकवतो’, ‘ती बस जी सकाळी येते’ अशी वाक्ये दुबईच्या मराठी घरांत सर्रास ऐकू येतात. पुण्यामुंबईची वर्तमानपत्रेही या पापातून मुक्त नाहीत. आम्हांला गणित शिकवणारे सर, सकाळी येणारी बस, असे म्हटले की लिंग, वचन, कर्ता सर्व काही त्या एका कृदन्तात आले. इंग्रजी कृदन्ताला जे साधत नाही ते मराठी कृदन्त हसत करते, मग जोडीला ‘जो’ कशाला? याचा अर्थ ‘जो–तो’ची रचना परकी आहे असा नव्हे. ज्ञानेश्वरीपासून ती आपली आहे, पण तिचे स्थान ठरलेले आहे: ‘जो’चे वाक्य आधी, ‘तो’चे नंतर, आणि विषय बहुधा सर्वसाधारण नियमाचा. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ या म्हणीला ‘हाती ससा असलेला पारधी’ असे संक्षिप्त करून पाहावे. म्हण मेली, आणि हाती उरला केवळ एक ससेवाला पारधी. भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात कलमे ‘जो कोणी’ने सुरू होत, तीही याच कारणाने. नियम ‘जो–तो’त सांगावा आणि समोरचा माणूस ‘-लेला’, ‘-णारा’ने दाखवावा, ही वाटणी मराठीने व्याकरणकारांची वाट न पाहता करून ठेवली होती. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे 1911 साली. म्हण त्यांच्या कितीतरी आधीची.

तेव्हा अमिरातीतील भारतीय शाळांच्या इंग्रजी शिक्षकांना माझी सूचना अशी, की वाक्यसंयोजनाचा प्रश्न खुशाल ठेवावा, परंतु त्याच्या शेजारी एक उलटा प्रश्नही घालावा. ‘एम्प्लॉईज कम्प्लीटिंग वन यिअर’, ‘अ‍ॅब्स्कॉण्डिंग वर्कर’, ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ असे कचेरीतले खरेखुरे प्रयोग द्यावेत आणि त्यांची पूर्ण विशेषणवाक्ये करावयास सांगावे. कर्त्याला एक गुण, काळाला एक गुण, आणि मूळ शब्दांत जे नव्हतेच ते शोधून ‘हे येथे सांगितलेले नाही’ असे लिहिणाऱ्याला दोन गुण. महाराष्ट्र मंडळांतून आठवड्याच्या सुटीत मराठीचे वर्ग चालवणाऱ्यांनी हाच प्रश्न उलट्या दिशेने विचारावा: ‘ती बस जी सकाळी येते’ हे वाक्य कृदन्त योजून लहान करा. उत्तरपत्रिका तपासावयास वेळ अधिक लागेल आणि छापील उत्तरसूची उपयोगी पडणार नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. तिच्यावर शिक्षकांनी आपसात बसून काय तोडगा काढावयाचा तो काढावा.